कुणीतरी आधी ठेवाया पायजे

आळेफाट्याच्या टपरीवर एक वयस्कर शेतकरी रोज येतात, बशीत चहा ओततात आणि तो निवेपर्यंत टीव्हीकडं बघत राहतात. मग मला विचारतात, "ठेवली का त्यानं हत्यारं?"

तो म्हणजे सरहद्दीपलीकडच्या अतिरेक्यांचा म्होरक्या. यांचा मुलगा त्याच सरहद्दीवर जवान आहे.

परवा म्होरक्यानं बातम्यांत हत्यारं खाली ठेवायला पुन्हा साफ नकार दिला. हे चहा तसाच ठेवून उठले आणि बिबट्याच्या भीतीनं बाळगलेली परवान्याची बंदूक घेऊन पोलीस ठाण्यात गेले. मीही मागोमाग गेलो.

हवालदार म्हणाला, "आत्ता इलेक्शन नाय, मग जमा कशाला करताय?"

"कुणीतरी आधी ठेवाया पायजे ना, राव."

आता उसातून ते नुसती काठी आपटत जातात. टपरीवर तोच प्रश्न विचारतात, तेव्हा मीच टीव्हीकडं बघत राहतो.