कापलेल्या शेताची राखण

गौराबाई, लिही म्हणून तूच सांगितलंस, तेव्हा आता लाजू नकोस. तुला वाचता येत नाही. येशील तेव्हा मीच वाचून दाखवीन. एका छपराखाली राहून एकमेकांकडे पाठ करून झोपणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांच्यापैकी कुणी वाचलं तर बरंच. तुझी गोष्ट परक्या बाईची असल्यासारखी सांगते. मध्ये अडवू नकोस.

२००२ची दिवाळी झाली, साखरशेत गावची नाचणी घरात आली, तरी गौराबाईचा नवरा पोश्या शेतातल्या माळ्यावरून उतरेना. रानडुकरांवर नजर ठेवायला चार खांबांवर बांधलेला तो माळा. पीक उभं असताना तिथे झोपणं ठीक. कापलेल्या शेतात डुकरं काय खाणार? तिची जाऊ चैती म्हणायची, भावजी ढेकळं राखतात. गौराबाईही सगळ्यांबरोबर हसायची.

तिन्हीसांजेला ती भाकरी आणि पाण्याची कळशी माळ्याखाली नेऊन ठेवी. वर चढावं असं फार वाटे, पण तो वरूनच "ठेव" म्हणे. घरी येऊन ती त्याचं बिडीच्या वासाचं जुनं कांबळं अंगावर ओढून घेई. चाळिशीचीही नव्हती ती, आणि तिला तिचा माणूस हवा होता. यात बाईने लपवण्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही.

मग तिच्या ध्यानात आलं, सकाळी कळशी कोरडी ठणठणीत असते. पूर्वी एवढं पाणी दोन दिवस पुरायचं. एकटा माणूस कळशीभर पिईल कसा? दुसरी कोणीतरी येत असणार. एके दिवशी उजाडता उजाडता कमरेला कोयता खोचून ती निघालीच.

माळ्यावर पोश्या एकटाच होता, कळशी तोंडाला लावून घटाघटा पीत.

"कुठं गेली ती?"

"कोण?"

"पाणी पिते ती."

पोश्या बऱ्याच दिवसांनी हसला. हसता हसताच त्याचे डोळे भरले. "गौरे, कोण नाय. घसाच सुकतो. नसबंदीनं बैल केला माझा. घरी येऊन काय करू? तुला लागेल म्हणून बोललो नाय."

तिला लागलंच. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या अंगात रक्त उरलं नव्हतं, म्हणून तिच्याच सांगण्यावरून तो मोखाड्याच्या शिबिरात गेला होता. त्याला सहा वर्षं झाली. ती खालीच बसली. मग तिने हिशेब केला आणि उठली.

"मग नसबंदीनंतर चार वर्षं मी काय बैलाजवळ निजत होते?"

पोश्या शिडी उतरून खाली आला. तिने त्याला जव्हारच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता विचारलं. एकदम झालं की हळूहळू? पहाटे जाग येते तेव्हा तरी ताठरता असते का? छातीत दुखतं का, बिड्या किती, दारू किती? हळूहळू झालं, पहाटेही नाही, म्हणजे नुसतं मनाचं नव्हे. रक्तदाब पाहिला, रक्त-लघवी तपासली. साखर भलतीच वाढलेली. नसबंदीत बीज नेणारी नळी तेवढी बंद करतात, ताठरतेशी तिचा संबंध नाही, हे त्यांनी चित्र काढून दाखवलं. साखरेने मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या बिघडतात, बिडी त्यात भर घालते, आणि एकदा जमलं नाही की भीतीच पुढचं काम बिघडवते. साखरेच्या गोळ्या कायमच्या, बिडी बंद. साखर आटोक्यात आल्यावर ताठरतेसाठी दुसरी गोळी दिली, तासभर आधी घ्यायची. ती छातीत दुखण्यावरच्या काही औषधांबरोबर जिवावर बेतते, म्हणून विचारल्याशिवाय कुणाला द्यायची नाही. आणि गोळीने ओढ येत नाही, असंही डॉक्टर म्हणाले. ती असावी लागते.

ती होतीच. पण घर एका खोलीचं, तीन पोरं, सासू जागी. एका तिन्हीसांजेला गौराबाईने कळशी खाली ठेवली आणि न विचारता शिडी चढली. कधी जमलं, कधी नाही. नाही जमलं तरी तो आता पाठ करत नसे.

दवाखान्यातून आल्या दिवशीच तिने त्याला बजावलं होतं, माळा मोड, वासे घरी आण, गोठ्याला लागतील. पोश्या उद्या आणतो म्हणाला होता. गोठा अजून एका बाजूने उघडाच आहे.