निवडुंगाला केलेला आग्रह

सिंगापुरात आमचं एक दुष्काळी मंडळ आहे. कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांच्या बागा हुडकायच्या आणि महिन्यातल्या एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून बघायला जायचं, एवढंच त्याचं काम. पण इथे दुपार कलली की आभाळ फाटतं, त्यामुळे आमच्या दुष्काळी सहलींना छत्र्या लागतात. एकदा तुआसला कुठल्याशा कारखान्याच्या गेटापाशी निवडुंगांचा वाफा आहे असं कळलं, म्हणून भर पावसात तिकडे गेलो. वाफ्याच्या जागी तळं होतं आणि तळ्यात बेडूक. अध्यक्षबाई म्हणाल्या, "फोटो काढा. बेडूक वगळून."

तेव्हापासून आम्ही छपराखालच्या बागाच शोधतो. कारपार्कचे कठडे, पुलाखालच्या जागा, लोकांचे कॉरिडॉर. त्यातली सगळ्यात देखणी बाग अध्यक्षबाईंचीच. त्यांना सगळे ताई म्हणतात. सेंगकांगला आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले वर राहतात, बँकेतून रिटायर झाल्या, आणि बँकेतला दरारा घरी घेऊन आल्या. दारापुढे निवडुंगांची रांग, रांगेच्या टोकाला तुळस. रांगेतला एक गोल निवडुंग त्यांचा विशेष लाडका, पण फुलत नव्हता. तसलाच निवडुंग पुण्यात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या गच्चीत दरवर्षी फुलायचा, आणि बहीण व्हिडिओ कॉल करून तो दाखवायची. मुद्दाम, जवळून.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाला ताई पुण्याला निघाल्या. बाग माझ्या हवाली केली. "तुळशीला रोज पाणी. निवडुंगांना मी येईपर्यंत काही नाही. काही नाही म्हणजे?"

"काही नाही," मी म्हणालो.

मी मनापासूनच म्हणालो होतो. पण रोज आंघोळ करून तांब्या घेऊन वर जायचो, तुळशीला पाणी घालायचो, आणि शेजारी तो गोल निवडुंग तसाच कोरडा बसलेला. पानात काही न वाढलेल्या पाहुण्यासारखा. एकाला वाढायचं आणि शेजारच्याला उपाशी ठेवायचं, असला पंक्तिप्रपंच आमच्या घरात कधी कुणी केला नाही. मी त्याला घोटभर पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी अजून थोडं. मग तर मी त्याला आग्रहच करायला लागलो. "घ्या हो, एवढ्याने काय होतंय!" असं एकदा मोठ्याने म्हणालो आणि लिफ्टमधून बाहेर पडलेल्या शेजाऱ्याने ऐकलं. बाकीच्या निवडुंगांना तेवढा आग्रह झाला नाही, म्हणून ते वाचले.

एका सकाळी हात लावला तर तो पिकलेल्या चिकूसारखा मऊ. बोट आत गेलं. त्याच दिवशी ताईंनी पुण्याहून फोटो मागितला. मी त्यांनीच मागे ग्रुपवर टाकलेला जुना फोटो जरा कापून त्यांना परत पाठवला. "छान दिसतोय," असं त्यांचं उत्तर आलं. मी निवडुंगाला नमस्कार केला, कॉरिडॉरमधल्या कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये सोडला, आणि नर्सरीतून तसलाच दुसरा आणून कुंडीत बसवला.

बायको म्हणाली, "अहो, सांगून टाका." मुलगी इथल्या सिंगापुरी ठेक्यात म्हणाली, "बाबा, जस्ट टेल हर लाह." मी म्हणालो, सांगतो. ताई आल्या, मी त्यांनी आणलेली आंबाबर्फी खाल्ली, आणि गप्प बसलो. गप्प बसणं मला जमतं.

मग तो नवा निवडुंग फुलला. चांगलं मोठं, गुलाबी फूल.

पुढच्या रविवारी मंडळाची सहल थेट ताईंच्या दारात. आम्ही सगळे कॉरिडॉरमध्ये दाटीवाटीने उभे, आणि ताईंच्या हातातल्या फोनवर पुण्याची बहीण. ताईंनी फोन फुलाच्या इतका जवळ धरला की बहिणीला गुलाबी अंधाराशिवाय काही दिसलं नसावं.

"शिस्त लागते," ताई सांगत होत्या. "माया केली की झाडं बिघडतात. मी नसताना याला थेंब मिळाला नाही. आणि त्याचं श्रेय ह्याला!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शब्दाचा पक्का माणूस."

रागावल्या असत्या तर मी सहज गप्प राहिलो असतो. त्या हाताचं मला ओझं झालं.

"ताई, तो मेला."

"कोण मेला?"

"हा."

"अरे, हा फुललाय!"

"हा नव्हे. याच्या आधीचा हा."

मग मी सगळं सांगितलं. तांब्या, पंगत, चिकू, शूट. मंडळातले एक काका गंभीरपणे म्हणाले, "शेवटी ताकही वाढलंत का?" आणि सगळा कॉरिडॉर हसला. सगळ्यात मोठ्याने फोन हसत होता. "तरीच म्हटलं! विकतचं फूल ग, ताई!" ताईंनी फोन बंद केला, आत गेल्या, दार लावून घेतलं.

इतके दिवस एकच भीती होती, त्यांचा विश्वास जाईल ही. त्यांना आपण मान खाली घालायला लावू, तीही बहिणीसमोर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढे बरेच दिवस त्या लिफ्टमध्ये माझ्याकडे न बघता मजल्यांचे आकडे बघत. मग एकदा आकडे बघतच म्हणाल्या, "रविवारी बुकित तिमाहला कॉन्डोतली बाग आहे. ये. हात खिशात ठेवून ये."

गेलो. पाऊस होताच. ताई माझ्या आणि झाडांच्या मधोमध चालत होत्या. मी धीर करून विचारलं, "पुण्याला फोन झाला का नंतर?"

"झाला. तिला म्हटलं, तुझं तरी कशावरून विकतचं नाही? तेव्हापासून ती आधी कुंडी दाखवते, मग फूल." मग म्हणाल्या, "मला एकटीला आधी का नाही रे सांगितलंस?"

"तुम्ही रागावला असता, ताई."

"रागावलेच असते की," त्या म्हणाल्या. "पण फोन तरी बंद असता."