जहाँआराने मोडलेली शपथ

जुन्नरच्या जहाँआराची जीभ मोठी तिखट. बांगड्या भरता भरता सुनांना टोमणे मारायची, सासवांची तर पार हजेरी घ्यायची. तरी खोडद गावच्या बाया तिची वाट बघायच्या. बांगडी चढवायची तर आधी हात दाबून मऊ करावा लागतो, आणि तेवढ्यात बाई मनातलं बोलून मोकळी होते.

विधवेचा हात मात्र बांगडीवालीच्या हातात येत नाही. नवरा गेल्यापासून कुशाबाई ओट्याच्या कडेला बसून नुसती बघायची. मुलगा भोसरीला कंपनीत, सून दिवसभर शेतात, हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. गुडघे ठणकायचे, झोप उडालेली.

अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीआधी जहाँआरा आली, तर कुशाबाईने ट्रंकेतलं इरकली लुगडं तिच्यापुढे ठेवलं. "ने तुला, भाभी. मला आता काय करायचंय?"

तांब्याचा हंडा, शेळी, सगळं तिने असंच वाटून टाकलं होतं. गावाला कोण कौतुक! कुशाबाईला वैराग्य आलं म्हणे. जहाँआराला त्या कौतुकाचा संताप आला. स्वतःचा नवरा गेल्यावर तीही अशीच पेटी रिकामी करायला बसली होती, आणि ते वैराग्य नव्हतं.

तिने बांगड्या बाजूला सारल्या, कुशाबाईचा रिकामा हात हातात घेतला आणि दाबू लागली.

"आक्का, खरं सांग. जीव द्यायचं मनात येतंय का?"

असलं तोंडातून काढू नये म्हणतात. हिने काढलं. कुशाबाई हमसून हमसून रडली. "येतं गं. रोज येतं. पर कुणाला सांगू नगंस. तुला तुझ्या उजमाची शपथ."

उजमा जहाँआराची एकुलती एक लेक. जहाँआराला धडकी भरली. पण तिने हात सोडला नाही. तशीच बसून तिने शेजारणीला हाक मारली, शेतातून सुनेला बोलावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. "हिला एकटी सोडू नगंस." दुसऱ्या दिवशी धंदा बुडवून सासू-सुनेसोबत नारायणगावच्या डॉक्टरांकडेही गेली.

गोळ्या सुरू झाल्या. मुलगा दर आठवड्याला येऊ लागला. कुशाबाईला हळूहळू झोप लागू लागली. पण जहाँआरा दिसली की ती दार लावून घ्यायची. बाया चिडवायच्या, तशी जहाँआरा म्हणायची, "रुसू द्या की! रुसायला माणूस जित्तं लागतं."

मैत्रीवर पाणी सोडून मैत्रिणीचा जीव राखायला मोठं काळीज लागतं. ते या फटकळ बाईपाशी होतं.

पुढची संक्रांत आली. ओट्यावर बायांचा गराडा पडलेला. त्यातून वाट काढत कुशाबाई पुढे आली, बसली आणि तिने हात पुढे केला.  

"बांगड्या नगंत," कुशाबाई म्हणाली. "नुसता दाब. आन भाभी, उजमा बरी हाय न्हवं? वरीसभर त्या शपथेच्याच घोरात व्हते मी."