पांढरी पिन जमिनीवर पडलेली होती

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण फक्त वाचायला. आणि खरं सांगायचं तर निम्मं वाचून हसायला. कुणाला वळणावर बाई दिसली, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजली… खाली मी कमेंट टाकायचे, "आधी वायरिंग तपासून घ्या." राग मानू नका, पण माझं कामच तसं आहे. तळवड्याला एका छोट्या युनिटमध्ये मी टेस्टिंगला आहे. गाड्यांमध्ये लागणारी सर्किट बोर्डं आमच्याकडे बनतात. बोर्ड चालत नसेल तर का चालत नाही, हे शोधायचं म्हणजे माझी नोकरी. कारण सापडतंच. कधी लवकर, कधी उशिरा. असं मी अगदी आत्ताआत्तापर्यंत मानत होते.

हे माझ्या धाकट्या भावाबद्दल आहे. नाव नितीन, घरात नित्या.

माहेर आमचं चिखलीचं, जुन्या गावठाणातलं. घरामागे पूर्वी आमची बाजरी असायची, आता पत्र्याच्या शेड आहेत आणि दिवसभर लेथ मशीनचा आवाज असतो. लग्न झाल्यावर मी पिंपळे सौदागरला गेले, नित्या तिथेच राहिला — आई, त्याची बायको वैशाली आणि तो. चाकणला कंपनीत होता. गेल्या वर्षी एका सकाळी पहिल्या शिफ्टला जायला उठला, बूट घालायला उंबऱ्यावर बसला आणि बसल्या जागी कलंडला. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती हो त्याने.

आई रडली नाही. एक टिपूस नाही. दहावा झाला, तेरावा झाला, पाहुणे पांगले, आई आपली भाकऱ्या थापते, भांडी घासते. फक्त त्याचं नाव घ्यायची बंद झाली. त्याच्याबद्दल कुणी बोलायला लागलं की उठून आत जायची. मला तिच्यासाठी फार भीती वाटायची. एकदा मी वैशालीला म्हटलं, हिला एकदा रडवायला पाहिजे. वैशाली म्हणाली, "ताई, मला तरी कुठं येतंय रडायला."

वैशाली मूळची लातूरकडची. वर्ष झाल्यावर तिने माहेरी जायचं ठरवलं, तिकडे तिला शाळेत नोकरी मिळत होती. आम्ही कुणी अडवलं नाही. जायच्या आधी तिने माळा आवरायला काढला आणि मला फोन केला — "ताई, हितं एक व्हिडिओ गेम सापडलाय. लाल-पांढरा. टाकून देऊ का?"

मी म्हटलं, हात लावू नकोस, गुरुवारी येते. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते.

आता हा गेम काय होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही लहान असताना वडिलांनी पिंपरी कॅम्पातून आणला होता. ओरिजिनल नाही, नक्कल. तेव्हा सगळ्यांकडे नक्कलच असायची. पिवळी कॅसेट, तिच्यावर हजारो गेम असल्याचं लिहिलेलं, आणि आत तेच पाच-सहा नावं बदलून पुन्हा पुन्हा. आमचा आवडता एकच. एक बुटका माणूस पळत असतो, मध्ये खड्डे येतात, त्यांवरून उड्या मारायच्या.

पण आमच्या गेमला आवाज नव्हता. अँटेनाच्या वायरीतून चित्र छान यायचं, आवाजाच्या जागी नुसती खरखर. दुकानदाराने टीव्ही पाहिला, गेम पाहिला, हात टेकले. आज मला माहितीये की चित्र आणि आवाज वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर जातात, आणि बाहेरच्या देशासाठी बनवलेला तो डबा आवाज अशा ठिकाणी सोडत होता जिथे आपला टीव्ही ऐकतच नव्हता. तेव्हा एवढंच कळलं की आवाज येणार नाही. मग नित्या म्हणाला, "तू खेळ ताई, आवाज मी काढतो."

आणि तो काढायचा. माझ्या शेजारी मांडी घालून, डोळे टीव्हीवर — टुडूं टुडूं टुक, टुडूं टुक टुक… चाल त्याची त्यानेच बनवलेली. त्याला कायम सर्दी, त्यामुळे मध्येच दम संपायचा. चाल एका जागी तुटायची, तो श्वास ओढून घ्यायचा आणि उरलेलं घाईघाईत, थोडं वरच्या पट्टीत म्हणायचा. रोज त्याच जागी. माणूस खड्ड्यात पडला की नित्या गप्प. आतून आई ओरडायची, कारण तो फार मोठ्याने म्हणायचा. आमचं सगळं लहानपण त्या आवाजावर गेलं.

तर त्या गुरुवारी मी सोल्डरिंगचं सामान घेऊन चिखलीला गेले. दुपारची वेळ होती. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. तिला मी म्हटलं, मिक्सर बघायला आलेय. गेमचं नाव मुद्दाम काढलं नाही. वैशाली वर गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

बाहेरच्या खोलीत मी डबा उघडला. जुना अडॅप्टर मेलेला होता, मी नेलेला लावला. आता नवा टीव्ही आहे, त्यात पिवळी पिन चित्राची आणि पांढरी आवाजाची. आधी टीव्हीवर 'सिग्नल नाही'. आत बघितलं तर पिवळ्या पिनची वायर बोर्डापासून सुटलेली. ती जोडली. चित्र आलं, पण काळं-पांढरं आणि सारखं वर सरकणारं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन रंगाची सिस्टीम बदलली, तेव्हा ते स्थिर झालं, रंग भरले. इथपर्यंत सगळं रोजच्यासारखं.

आवाजाची वायरही आत तुटलेली होती. गंजून तिचं टोक गळून पडलं होतं. ते मी नंतर करणार होते. म्हणून पांढरी पिन मी टीव्हीला लावलीच नव्हती. ती माझ्या पायाशी फरशीवर पडलेली होती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तेच महत्त्वाचं आहे.

चित्र नीट टिकतंय का बघायला मी रिमोट हातात घेतला — आम्ही गेमच्या बटणांना रिमोटच म्हणायचो — आणि तो माणूस पळवला.

टुडूं टुडूं टुक.

टीव्हीतून. बारीक, यंत्राच्या आवाजात, जसा अशा गेमचा असतो तसाच किरकिरा. माणसाचा आवाज नव्हता तो. पण चाल नित्याची होती. मी आधी काहीच विचार केला नाही, अंगठा आपोआप चालत होता. मग ती चाल त्या जागी आली… आणि तुटली. श्वास घ्यायला लागतो तेवढीच तुटली. आणि पुढचं घाईत, वरच्या पट्टीत.

मी खाली बघितलं. पिन फरशीवरच होती.

आणि आतून आई ओरडली, "नित्या, आवाज बारीक कर रं! किती येळा सांगायचं तुला?"

वर्षभर तिने ते नाव उच्चारलं नव्हतं. ओरडली आणि मग आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, ताट असावं. आई दारात आली. हातात मेथीची काडी तशीच. माझ्याकडे बघितलं नाही तिने, टीव्हीकडे बघत राहिली. त्याच वेळी वैशाली जिना धडाधडा उतरून आली, ओला टॉवेल खांद्यावर.

"ताई, हे काय वाजायलंय? कोण वाजवायलंय हे?"

मला एकच सुचत होतं — माणूस पडला की चाल थांबते. पडू द्यायचा नाही. मी खेळत राहिले. एक खड्डा गेला, दुसरा गेला. हात घामाने निसरडे झालेले. आई माझ्या शेजारी खाली बसली, अगदी चिकटून, आणि हळू आवाजात सांगायला लागली, "म्होरं खड्डा हाय… बघ, बघ… हां. आता सावकाश…" तिने आयुष्यात तो गेम खेळलेला नाही. वैशालीने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठले.

किती वेळ गेला माहीत नाही. फार नसेल. चाल पुन्हा पुन्हा येत होती, प्रत्येक वेळी त्या जागी तुटत होती, पुन्हा जोडली जात होती. आणि मग माझे डोळे भरून आले. मला दिसेनासं झालं हो. पुसायला हात काढला असता तरी माणूस पडला असता, नाही काढला तरी दिसत नव्हतं. मी अंदाजाने उडी मारली…

माणूस पडला. खोली गप्प झाली. मागच्या शेडमधला लेथ तेवढा ऐकू यायला लागला.

मी लगेच पुन्हा सुरू केलं. काही नाही. बंद करून चालू केलं, कॅसेट काढून घातली, काही नाही. माणूस मुकाट पळत होता. आई उठली, टीव्हीजवळ गेली, त्याच्या कडेला तळहात लावून उभी राहिली, जसा ताप बघतात तसा. मग तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "नित्या रं… माज्या लेकरा…" आणि रडली. शेजारच्या बायका धावत आल्या एवढं रडली. माझ्याकडे वळून एकदाच म्हणाली, "नीट खेळायचं हुतं गं बाई."

संध्याकाळी वैशालीने मला जे सांगितलं, ते तिने आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. नित्या रोज सकाळी बूट घालताना हीच चाल गुणगुणायचा. कुठली आहे हे तिने कधी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्या सकाळी ती आत डबा भरत होती. बाहेर गुणगुणणं चालू होतं आणि मध्येच थांबलं. चाल ज्या जागी रोज तुटायची, त्याच जागी. "मला वाटलं, दम घेतील आणि पुढचं म्हणतील," ती म्हणाली. "मी डब्याचं झाकण लावत थांबले ताई. पुढचं आलंच नाही. आज आलं. मी जिन्यात हुते तवा पुढचं आलं." आणि मग तीही रडली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून.

पुढच्या गुरुवारी मी आवाजाची वायर जोडली, पांढरी पिन लावली. आवाज आला, खणखणीत. गेमची खरी चाल मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. पार वेगळी आहे. कुठेच तुटत नाही.

आमच्या युनिटमधल्या एका सिनियरना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, पिन न लावता मोकळी राहिलेली टीव्हीची आवाजाची जागा आजूबाजूचं काहीही पकडते — मोबाईल, रेडिओ, मोटारीची घरघर. मी म्हटलं, चाल? ते म्हणाले, चाल नाही पकडत. मग म्हणाले, दुःखात माणसाला भास होतात. होत असतील. पण आईला मी मिक्सर सांगितला होता. आणि वैशालीला तर त्या चालीचा गेमशी काही संबंध आहे हेच माहीत नव्हतं. तिघींना एकच भास, तिघींनाही तीच जागा तुटलेली… मला हे बसवता आलेलं नाही. कमेंटमध्ये कुणी "वायरिंग तपासा" लिहिणार असेल तर लिहा. मी तपासलंय. वायर जोडून, वायर तोडून, पिन लावून, पिन फरशीवर टाकून.

वैशाली आता लातूरला आहे. फोन करते, आईशी बोलते. आई तिच्याशी नित्याबद्दल बोलते, नाव घेऊन, कधी हसतेसुद्धा. माझं म्हणाल तर मी दर गुरुवारी चिखलीला जाते आणि तो गेम खेळते. सराव झालाय. आता माणूस सहसा पडत नाही, पार शेवटापर्यंत जातो. आवाजाची वायर मी पुन्हा काढून ठेवली आहे. आई शेजारी बसते. आम्ही दोघी नुसतं बघत राहतो, तो बिनआवाजाचा पळत असतो.

बऱ्याच वेळाने आई माझ्या गुडघ्यावर हात ठेवते आणि म्हणते, "ऱ्हाऊ दे आता. बंद कर. दमला आसंल त्यो."