आत्यानं तीनदा सांगितलेलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय—तेही नीट माहीत नाही.

रोहणा गावच्या आमच्या घराण्याची वंशावळ मी लिहिली. वर्ध्याला नोकरी, अक्षर बरं, म्हणून काम माझ्याकडं आलं. म्हाताऱ्या माणसांचं सांगणं कितपत धरायचं? माझी एक रीत होती. तोच प्रश्न तीन वेगळ्या दिवशी विचारायचा. उत्तर बदललं तर वहीत पेन्सिलीनं लिहायचं, नाही बदललं तर शाईनं.

गयाआत्या विधवा होऊन माहेरीच राहिलेली. तिला आजोबांबद्दल विचारलं. तिन्ही वेळा एकच—आजोबांना आधीची एक बायको होती. तिला त्यांनी लेकीसकट जामला, तिच्या माहेरी धाडलं, परत आणलं नाही. लेक कौसल्या. आत्याची सावत्र बहीण, खेळगडी. "कौसीनं कोंबडीचं पिल्लू पोटाशी धरलं होतं. बैलबंडीत बसताना बाबानं ते काढून घेतलं." तिन्ही वेळा पिल्लू होतं. तिन्ही वेळा आत्या तिथंच थांबली.

मग मी काय केलं?—थांबा, सांगतो.

वंशावळ वाचायला भाऊबंद जमले. आत्याच्या निरोपावरून कौसल्येची मुलगी जामहून आली. म्हणाली, "मले काई नाई पायजे, भाऊ. मायचं नाव तेवढं लिहा." काका हसले, "म्हातारीले सपनं पडून राह्यले!" अन् माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. समोर आजोबांचा फोटो, हार घातलेला.

मी म्हणालो, "आत्या दर वेळी वेगळंच सांगते."

एवढंच.

वही माझ्या पिशवीत होती. कुणी मागितली नाही—माझ्यावर भरवसा होता ना! ती बाई चहा न घेता एसटी गाठायला निघून गेली. आत्या नुसती माझ्याकडं पाहत राहिली.

भीती कशाची होती? आजोबांच्या नावाची? काकांच्या नजरेची? होती, दोन्हींची. पण त्यासाठी आत्याला खोटं पाडायचं?

पुढं घरात तिचं कुणी काही धरेना. मी जेवले नाही म्हणाली, तरी सुना म्हणत, "विसरल्या असान, आत्याबाई." एकदा तिनं मला जवळ बसवलं. "काऊन रे, पिल्लू होतं ना तिच्या हातात? का मलेच तसं वाटते?"

तिचं बरोबर आहे, हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं.

मी म्हणालो, "आराम कर, आत्या."

पुढं आत्या वारली. छापलेल्या वंशावळीत कौसल्या नाही. वही माझ्या कपाटात आहे. तिच्यात आहे—शाईनं.