तहानलेला पाहुणा

बिराजदार बाई प्रयोगाच्या तासाला बाटलीला हात लावायच्या आधी गोष्ट सांगायच्या. मी चौथी शिकलेली, प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारी. तरी चुंबक मला त्यांच्या गोष्टीतूनच कळलं. बाई दुधनीच्या. कानडी हेल काढून म्हणायच्या, "मावशी, व्याख्या पोरं विसरतात. गोष्ट विसरत न्हाईत." मला मात्र ॲसिडच्या तासाची धास्ती असायची.

त्या दिवशी बाईंनी सुरुवात केली, "ॲसिड म्हणजे लांबून उन्हातनं आलेला पाहुणा. लई तहानलेला, लई तापट." तेवढ्यात हेडसरांनी हाक मारली. गोष्ट तिथेच सोडून बाई दारापर्यंत गेल्या.

पहिल्या बाकावर अंबिका होती. विणकराची मुलगी, चांगल्या वळणाची. उन्हातून आलेल्याच्या हातात आमच्याकडे आधी पाण्याचा तांब्या देतात. तिने तेच केलं. ॲसिडच्या भांड्यात पाणी ओतलं.

भांडं फसफसून उसळलं. "बाई, डोळा! माझा डोळा!" बाईंनी धावत येऊन तिचं डोकं नळाखाली धरलं. रिक्षा आली तरी सोडेनात.

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी बांधली. डोळा राहतो की जातो, ते चार दिवसांनी कळेल म्हणाले. त्या चार दिवसांत बाईंनी मला एकच विचारलं, "मावशी, पोरीचं चुकलं का माझं?"

"तुमचं," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

पट्टी सोडायच्या दिवशी बाई खोलीच्या दाराबाहेरच थांबल्या. "तुमी बघून या. मला न्हाय धीर होत."

डॉक्टरांनी चांगला डोळा झाकून दुसरा उघडायला लावला. लालभडक. पोरगी बराच वेळ माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, साडी उलटी नेसलाय की."

बाई आत आल्या. त्यांना बघून अंबिका म्हणाली, "बाई, त्या पाहुण्याचं पुढं काय झालं?"

"त्याच्यावर पाणी वतायचं न्हाय. त्यालाच पाण्यात सोडायचं, थेंबाथेंबानं."

"मग हे आदी सांगायचं की."



त्यानंतर बदली होईपर्यंत प्रत्येक गोष्ट त्यांनी आधी मला ऐकवली. "ही ऐकून तुमी काय चूक कराल?" चूक सापडली की त्यांना बरं वाटायचं. काही सापडत नाही म्हटलं की तोंड उतरायचं.

"पुन्हा ऐका मावशी. असंलच एखादी."