छत्रीची खुंटी

बालवर्गाच्या बाईंना घरीदारी सगळे बाईच म्हणत. नवरासुद्धा. जेवायला बसताना त्या त्यालाही "हात धुतलेस?" असं विचारत, आणि तो बिचारा मुकाट्याने उठून हात धुऊन येई. खिशात खडूचे तुकडे, पर्समध्ये कुणाचं तरी तुटलेलं बटण आणि जमिनीवर उठबस करून कुरकुरणारे गुडघे, एवढी त्यांची कमाई. मैत्रिणीच्या रजेपुरत्या म्हणून त्या या कामात शिरल्या होत्या. मैत्रीण परत आलीच नाही आणि बाई तिथून हलल्या नाहीत.

त्यांच्या वर्गाची एक पद्धत होती. ज्या पोरांना अक्षर कळत नाही त्यांच्यासाठी नावं लिहून काय उपयोग? म्हणून प्रत्येकाला एक चित्र दिलेलं. दाराशी दप्तरं अडकवायच्या खुंट्यांची रांग, आणि एकेका खुंटीवर मासा, घड्याळ, बदक, चमचा. तेच चित्र बसायच्या आसनावर, तेच पाण्याच्या पेल्यावर. "बाई, बदकाने मला ढकललं" अशी तक्रार यायची आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही.

छत्री होती इस्त्रीवालीच्या मुलीची. बोलायची मोजकंच. पण गाणं सुरू झालं की कानांवर हात दाबून असा टाहो फोडायची की शेजारच्या वर्गातली पोरंही सुरात सूर मिसळत. कधी चावायची. बाईंनी तिच्यासाठी जिवाचं रान केलं होतं, हे काही खोटं नाही. एके दिवशी तिने आपलं दप्तर आपल्या हाताने छत्रीखाली अडकवलं, तेव्हा बाईंनी ती बातमी नवऱ्याला जेवताना सांगितली आणि झोपताना पुन्हा सांगितली.

मग परिषद आली. बालशिक्षणातली समता आणि सुधारणा असा भारदस्त विषय, आणि आदर्श वर्ग म्हणून बाईंच्या वर्गाची चित्रफीत तिथे दाखवायची ठरली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सगळं नीट दिसलं पाहिजे हं, बाई." एवढंच म्हणाल्या. पुढचं सगळं बाईंनी आपल्या डोक्याने केलं, आणि नेमकं तेच नंतर त्यांना गिळता येईना. त्या इस्त्रीच्या दुकानात गेल्या आणि छत्रीच्या आईला म्हणाल्या, "वर्गात तापाची साथ आहे. लेकीला थोडे दिवस घरीच राहू दे. मी निरोप देईन."

चित्रीकरणाच्या दिवशी कॅमेरेवाला म्हणाला, "मधली ती एक खुंटी रिकामी दिसतेय." बाईंनी छत्री काढून पर्समध्ये टाकली आणि पुढची चित्रं दप्तरांसकट एकेक खुंटी अलीकडे सरकवली. खाडा भरून निघाला. शेवटची खुंटी कॅमेऱ्यात येतच नव्हती. पोरांनी गोलात बसून गाणं म्हटलं, कुणी रडलं नाही, कुणी चावलं नाही. दृष्ट लागावी असा वर्ग.

चित्रीकरण संपलं, माणसं गेली. बाईंनी निरोप द्यायला हवा होता. आज देऊ, उद्या देऊ, असं चालढकल करत राहिल्या. परिषदेच्या भाषणाची तयारी आहे, हे कारण त्यांनी स्वतःपुढे केलं. खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती त्यांना पक्की ठाऊक होती. वर्ग शांत होता आणि त्यांना ते आवडायला लागलं होतं.

परिषदेचे ठेवणीतले कपडे इस्त्रीला द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी नवऱ्याला पुढे केलं. तो घडी हातावर तोलत परतला. "पैसे घेतले नाहीत तिने. म्हणाली, बाईंना म्हणावं, छान बोला."

बाईंना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

सभागृह गारठ्याने भरलेलं होतं. पाहुण्यांच्या गळ्यात बिल्ले, हातात कापडी पिशव्या. एक विद्वान समतेवर इतका वेळ बोलले की पुढच्या दोघांचा वेळ त्यांनी एकट्यानेच खाल्ला. मग दिवे मंदावले आणि पडद्यावर बाईंचा वर्ग आला. खुंट्यांची रांग दिसली. मासा, घड्याळ, बदक, चमचा, कुठे खंड नाही. निवेदिकेचा गोड आवाज म्हणाला, "इथे प्रत्येक मुलाला आपली जागा आहे." टाळ्या पडल्या. बाईंच्या कपड्यांची घडी इतकी कडक बसली होती की खुर्चीत जरा हललं तरी ती जाणवत होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतून एक तरुण शिक्षिका उठली. तिचा आवाज दमलेला होता. "माझ्याकडे एक मूल आहे," ती म्हणाली, "ते गोलात बसतच नाही. सगळा वर्ग विस्कटतं. अशा मुलाचं तुम्ही काय करता?"

खरं बोलायची संधी याहून सोपी करून कोण देणार होतं? बाईंनी वेळ काढायला म्हणून चष्म्यासाठी पर्समध्ये हात घातला, तर बोटांना पुठ्ठ्याचा गोल कोपरा लागला. छत्री. त्यांनी चष्मा काढला, छत्री आतच ठेवली आणि त्या म्हणाल्या, "अशा वेळी आम्ही गोल मोठा करतो."

सभागृहाने ते वाक्य डोक्यावर घेतलं. लोकांनी लिहून घेतलं. मुख्याध्यापिकांनी शेजारून हात दाबला. "शाळेच्या भिंतीवर रंगवून घेऊ या!" ती तरुण शिक्षिका मात्र वही मिटून हळूच खाली बसली. तिला वाटलं असणार, या बाईंना जमतं ते आपल्याला जमत नाही. तिचा तो पडलेला चेहरा पाहून बाईंना स्वतःची किळस आली.

जेवणाला त्या थांबल्याच नाहीत. भर उन्हात बस पकडून, बिल्ला गळ्यात तसाच ठेवून, थेट इस्त्रीच्या दुकानाशी उतरल्या.

दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर जळके डाग पडलेलं कांबळं आणि मागे कपड्यांचे गठ्ठे. टेबलाखाली मुलगी बसली होती. तिने रुमालांची रांग मांडली होती आणि एकेकावर हात ठेवून ती पुढे सरकत होती.

"बाई! कसं झालं भाषण?" आईने इस्त्री उभी केली.

"छान झालं," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना धीर निघेना. "मी खोटं बोलले तुझ्याशी. वर्गात ताप..."

"हळू बोला." आईने टेबलाखाली नजर टाकली. आवाज चढवला नाही. "माहितीये मला. ते तुमचं बदक शेजारच्याच घरातलं. रोज दप्तर घेऊन उड्या मारत जात होतं. साथ असती तर गेलं असतं का?"

बाईंनी गळ्यातला बिल्ला काढून मुठीत धरला.

"मग भांडायला का नाही आलीस?" त्यांनी विचारलं.

"भांडले असते तर तुम्ही तिला घेतलं असतं. पण हौसेने घेतलं असतं का?" आईने एक सदरा पसरला आणि कॉलरवर पाणी शिंपडलं. "तिला सांगितलंय, सगळे आजारी आहेत. रोज विचारते, मासा बरा झाला का, चमचा बरा झाला का. ते रुमाल बघा. झोपवून ताप बघतेय एकेकाचा. तिला खरं सांगून तुम्ही मोकळ्या व्हाल. ती काय करील? तिच्यापुरता तापच राहू दे."

म्हणजे कबुली देऊन हलकं व्हायची सोयही उरली नाही. बाईंनी पर्समधून छत्री काढली आणि कुरकुरत्या गुडघ्यांवर टेबलापाशी बसल्या. छत्री पुढे केली. मुलीने आधी छत्रीकडे पाहिलं, मग बाईंकडे. वर्गातली सगळी पोरं बाईंना तू म्हणत, तशी तीही म्हणे.

"मासा बरा झाला?"

"झाला."

"बदक?"

"सगळे बरे झाले, राणी. तू ये आता. उद्या येशील?"

मुलीने हात पुढे केला आणि तळवा बाईंच्या कपाळावर ठेवला. उन्हाने म्हणा, शरमेने म्हणा, कपाळ नुसतं पेटलं होतं. तिने हात तसाच दाबून धरला, आई बघते तसा.

"तुला आहे अजून," ती म्हणाली. छत्री तिने छातीशी घेतली आणि ती रुमालांच्या पलीकडे, जरा लांब सरकून बसली. "तू घरी बस."

बाईंनी आईकडे पाहिलं. आई हसली नाही. तिने इस्त्री उचलली आणि सदऱ्याच्या बाहीवरून फिरवायला लागली.